ऑस्ट्रेलियातला आदिवासी पाणीमंत्री : एर्नी ब्रिजबद्दल मुलांना काय सांगावं?

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. थोडी मदत हवी आहे. इथं पाण्यावरून भांडणारे भरपूर लोक आहेत, म्हणून इथंच विचारते.

९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन. आमच्या शाळेत त्या दिवशी एका शिक्षकानं वीसेक मिनिटं बोलायची पद्धत आहे, यंदा माझी पाळी. बिरसा मुंडा, राघोजी भांगरे, जयपालसिंह मुंडा ही नावं मुलांनी इतक्यांदा ऐकलीत की पहिल्या वाक्यालाच मागच्या बाकांवर जांभया सुरू होतात. नावं मोठी आहेत, दोष आमच्या भाषणांचा. म्हणून या वेळी बाहेरच्या देशातला माणूस निवडला : एर्नी ब्रिज. पश्चिम ऑस्ट्रेलिया या राज्याचा आमदार आणि मंत्री.

आतापर्यंत जमवलेलं असं. जन्म १९३६ चा, हॉल्स क्रीक नावाच्या लहानशा गावी. हे गाव राज्याच्या पार उत्तरेला, किम्बर्ली भागात. सगळा मुलूख गुरं पाळणाऱ्यांचा. हा आधी गावच्या कौन्सिलचा अध्यक्ष झाला, मग १९८० मध्ये मजूर पक्षाकडून किम्बर्लीचा आमदार, ते थेट २००१ पर्यंत. १९८६ मध्ये मंत्री. पाणी, राज्याचा वायव्य भाग, आदिवासी व्यवहार, शेती अशी खाती वेगवेगळ्या वेळी त्याच्याकडे होती. १९९६ मध्ये पक्ष सोडला आणि अपक्ष म्हणूनही निवडून आला. वर गायक! मोठी हॅट, कंट्री म्युझिक, रेकॉर्डसुद्धा निघाल्या. २०१३ मध्ये वारला.

आता अडचणी. एक म्हणजे ‘पहिला’ हा शब्द. कुणी लिहितं पहिला आदिवासी आमदार, कुणी पहिला आदिवासी मंत्री. राज्यातला पहिला की देशातला, काही कळत नाही.

दुसरी अडचण मोठी. उत्तरेतल्या किम्बर्लीचं पाणी पाइपलाइननं दक्षिणेला पर्थ शहरापर्यंत आणायचं, हा ध्यास त्यानं मरेपर्यंत सोडला नाही. काही लोक त्याला द्रष्टा म्हणतात, काही चक्क वेडा. पाइपलाइन झालीच नाही. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांच्या घरी नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. ‘लांबून पाणी आणणारा मंत्री’ म्हटलं की ती टाळ्या वाजवणार. पण टाळ्या वाजवण्यासारखं ते होतं का? की तो भाग गाळून टाकू?

---

कडक_भाकरी

बाई, आपला उजनीचा नळ अजून नीट येईना आणि तुम्ही पर्थच्या नळाचं टेन्शन घेताय. शेंगाचटणी खा, शांत राहा.

चेष्टा सोडा. गाळू नका. न झालेल्या पाइपलाइनवर सोलापूरकराइतकं मन लावून कोण ऐकणार?

---

पाकणीवाला

बाई, नमस्कार. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. पंप, व्हॉल्व्ह, लिकेज आणि रात्रीअपरात्री नगरसेवकांचे फोन. आता निवृत्त आहे. मुलगी पर्थला असते, तिच्याकडे जाणंयेणं असतं. तिकडं लोक समुद्रावर जातात, मी पंपहाऊस बघायला जातो. जावई वैतागतो. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मला बोलायलाच पाहिजे.

आधी आकार लक्षात घ्या. नुसता किम्बर्ली भाग चार लाख चौरस किलोमीटरच्या वर आहे. आपला अख्खा महाराष्ट्र तीन लाख आठ हजारांच्या आत. म्हणजे हा माणूस महाराष्ट्रापेक्षा मोठ्या मतदारसंघाचा आमदार होता, आणि तिथं माणसं मोजकी. हॉल्स क्रीकहून विधानसभेला जायचं तर पर्थपर्यंत रस्त्यानं अडीच हजार किलोमीटरच्या पुढे अंतर. आपले आमदार मुंबईला जायचं म्हणून कुरकुरतात.

आता पाणी. किम्बर्लीत पावसाळ्यात धो धो पडतं. तिथल्या ऑर्ड नदीवरच्या धरणाचं १९७२ मध्ये उद्घाटन झालं, त्याच्या पाण्याला लेक अर्गाइल म्हणतात. भरलं की आपल्या हिशेबात पावणेचारशे टीएमसीच्या आसपास. उजनी मृतसाठ्यासकट ११७ टीएमसी. म्हणजे तीन उजन्या घाला, वर अजून उरतं. शेजारी फिट्झरॉय नदी, तिला पूर आला की सगळं पाणी समुद्रात. आणि दक्षिणेला पर्थमध्ये उलटं. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून तिथला हिवाळी पाऊस कमी होत गेला आणि धरणांत येणारं पाणी त्याहून जास्त वेगानं घटलं. पाऊस थोडा घटला की जमीन आधी स्वतःची तहान भागवते, धरणाला उरलंसुरलं. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

उत्तरेला वाहून जातंय, दक्षिणेला आटतंय. उत्तरेत जन्मलेल्या, हातात पाणीखातं आलेल्या माणसाला नळ टाकावासा वाटला, यात वेडेपणा काहीच नाही. मी त्याच्या जागी असतो तर मलाही तेच सुचलं असतं. शिवाय त्या राज्याला त्याची सवय होती. पर्थजवळच्या मुंडारिंग धरणापासून काल्गुर्लीच्या सोन्याच्या खाणींपर्यंत साडेपाचशे किलोमीटरहून लांब पाइपलाइन आहे, १९०३ मध्ये सुरू झालेली! वाटेत वाफेवर चालणारी आठ पंपिंग स्टेशनं. पाणी रोज पन्नास लाख गॅलन, म्हणजे जेमतेम २३ एमएलडी (दिवसाला २.३ कोटी लिटर). अभियंता सी. वाय. ओकॉनर. त्यालाही वर्तमानपत्रांनी आणि पुढाऱ्यांनी इतकं छळलं की पाणी पोचायच्या आधी, मार्च १९०२ मध्ये, त्यानं जीव दिला. फ्रीमँटलच्या दक्षिणेला समुद्राच्या पाण्यात उभा असलेला त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे. मी तिथं बराच वेळ थांबलो होतो. आमच्या खात्यातल्या माणसाचा पुतळा सहसा कुणी उभारत नाही.

तर ब्रिजचे समर्थक नेमकं हेच उदाहरण द्यायचे : ओकॉनरलाही वेडा म्हटलं होतं. भाषणात टाळ्या घेणारं वाक्य आहे. पण पंपावर काम केलेल्या माणसाला ते पचत नाही. का, ते सांगतो. हा हिशेब तुमच्या दहावीच्या मुलांना फळ्यावर करता येईल.

एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलायला कागदावर पाव युनिटच्या थोडी वर वीज लागते, ०.२७ धरा. पंप-मोटारीची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर ०.३६. आता सपाट जमिनीवर नळ टाकला तरी पाणी नळाच्या भिंतीला घासतं आणि दाब मरतो. भरपूर मोठा नळ घेऊन किलोमीटरला फक्त एक मीटर दाब गेला असं धरू. फिट्झरॉय क्रॉसिंगपासून पर्थ सरळ रेषेत १८०० किलोमीटर. म्हणजे नुसत्या घर्षणासाठी १८०० मीटर उचलल्याइतकी वीज. हजार लिटरला साडेसहा युनिट! त्यात डोंगर-चढ धरलेला नाही, नळ सरळ रेषेत जाणार नाही हेही धरलेलं नाही.

आणि समुद्राचं खारं पाणी गोड करायला? पर्थच्या दक्षिणेला क्विनाना इथं नोव्हेंबर २००६ मध्ये प्रकल्प सुरू झाला. तिथलं तंत्र आपल्या घरच्या आरओचंच, फक्त अवाढव्य. वर्षाला ४५ अब्ज लिटर, म्हणजे दीड टीएमसीपेक्षा थोडं जास्त. असल्या प्रकल्पात हजार लिटरला साडेतीन-चार युनिट लागतात. समुद्र शहराला लागूनच आहे. नळ टाकायचा खर्च वाचला, पावसाची वाट बघणं वाचलं. तेवढी वीज एमू डाउन्सच्या पवनचक्क्यांकडून घेतली जाते.

१८०० किलोमीटर म्हणजे किती? सोलापूरहून गुवाहाटी साधारण तेवढंच भरतं, थोडं जास्तच. (गुवाहाटीचं नाव काढलं की सांगोल्याकडचे हसतील, हसू द्या.) ब्रह्मपुत्रेचं पाणी तुमच्या जुळे सोलापूरच्या टाकीत आणायचं म्हणा. उजनी ते सोलापूर ११० किलोमीटरच्या समांतर पाइपलाइनला, १७० एमएलडीच्या, किती वर्षं आणि किती बैठका लागल्या ते तुम्ही पेपरात वाचलंच आहे.

काल्गुर्लीला पाणी परवडलं, कारण नळाच्या त्या टोकाला सोनं होतं. पर्थच्या नळाच्या टोकाला हिरवळ आणि बाथरूम. एवढा फरक आहे.

म्हणून माझं मत : गाळू नका. प्रश्न त्यानं बरोबर ओळखला होता, आणि बाकीचे पर्थमधल्या लॉनवर पाणी मारत असताना ओळखला होता. उत्तराचं बिल कोण भरणार हे मात्र त्याला कधी जमवता आलं नाही. मुलांना दोन्ही सांगा. दहावीची मुलं आहेत, त्यांना कळतं.

---

होटगी_रोड

काका, हिशेब झकास. पण तुम्ही माणसाला फार मऊ हातानं धरलंय. दोन गोष्टी राहिल्या.

एक, तो ज्या ब्रायन बर्कच्या सरकारात मंत्री झाला, त्याच बर्कच्या काळातल्या सरकार आणि उद्योगपतींच्या भानगडींवर पुढं चौकशी आयोग बसला आणि बर्क स्वतः तुरुंगात गेला. त्यात ब्रिजवर काही आलं असं माझ्या वाचण्यात नाही, पण मंत्रिमंडळ तेच होतं. बर्क, मग डाउडिंग, मग कारमेन लॉरेन्स (ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याही राज्याची पहिली महिला मुख्यमंत्री), तिघांच्या हाताखाली काम केलेला माणूस. १९९३ च्या निवडणुकीत पक्ष हरला, तीन वर्षांनी हा बाहेर पडला. सत्ता गेल्यावर तत्त्वं आठवतात, आपल्याकडं बघतोच की.

दोन, ही पाइपलाइन म्हणजे तिथला निवडणुकीचा हुकमी विषय. २००५ मध्ये विरोधी पक्षाच्या कॉलिन बार्नेटनं ३७०० किलोमीटरचा कालवा खोदून पाणी आणतो म्हणून घोषणा केली आणि निवडणूक हरला. स्वप्नं विकायला पाणी सगळ्यात सोपं.

---

पाकणीवाला

होटगी_रोड, बार्नेटचं बरोबर आहे, पण तो ब्रिजच्या उलट्या पक्षाचा. आणि तो कालवा तर नळापेक्षा वाईट. उघड्या कालव्यातून वाळवंटातनं पाणी नेलं तर वर सूर्य पितो, खाली जमीन पिते. उजनीतून नदीत आवर्तन सोडतात तेव्हा औज बंधाऱ्यापर्यंत किती पोचतं आणि वाटेत किती मोटारी चालू असतात, ते टाकळीच्या पंपावर बसलेल्या कुणालाही विचारा. निवडणुकीनंतर २००६ मध्ये सरकारनं नेमलेल्या तज्ज्ञांनी कालवा, नळ, जहाज सगळं तपासलं. समुद्राचं पाणी गोड करण्यापेक्षा सगळे पर्याय कित्येक पट महाग निघाले, आणि कालवा सगळ्यात महाग.

पण एक फरक लक्षात घ्या. बार्नेटला हरल्यावर कालव्याचा विसर पडला. पुढं २००८ मध्ये तो मुख्यमंत्री झाला, चांगली आठ वर्षं राहिला, कालवा काही खोदला नाही. ब्रिजला मंत्रिपद गेलं, पक्ष गेला, आमदारकी गेली, तरी तो पाण्यावर बोलत राहिला, त्यासाठी संस्था काढून फिरत राहिला. मत मिळवायला कुणी इतकं करत नाही. अपक्ष उभा राहिल्यावरही किम्बर्लीनं त्याला निवडून दिलं, म्हणजे लोकांनी पक्षाकडं बघून मत दिलं नव्हतं. हे तुम्ही मान्य कराल.

---

जुळे_सोलापूर

पाकणीवाला काका, खूप आभार. फळ्यावरचा हिशेब नक्की घेते, गणिताच्या सरांना मदतीला घेऊन.

‘पहिला’चं कुणी सांगेल का? आणि एक वाक्य मला कुठेतरी मिळालं की १९७७ मध्येही तो उभा होता आणि ती निवडणूक कोर्टानं रद्द केली. हे काय प्रकरण?

---

सिद्धेश्वर_पेठ

मी वकिली करतो. ताई, खरं सांगू? तुमचं भाषण पाइपलाइनवर नाही, या १९७७ वर उभं राहायला हवं.

‘पहिला’ आधी संपवतो. देशाच्या संसदेत पहिले आदिवासी सदस्य नेव्हिल बॉनर, १९७१ मध्ये, सिनेटवर. राज्याच्या विधानसभेत ब्रिजच्या आधी १९७४ मध्ये क्वीन्सलंडला एरिक डीरल निवडून आले होते. म्हणजे ब्रिज देशातला पहिला आदिवासी आमदार नव्हे. पश्चिम ऑस्ट्रेलियातला पहिला आदिवासी आमदार, आणि संपूर्ण ऑस्ट्रेलियात कुठल्याही सरकारच्या मंत्रिमंडळात बसलेला पहिला आदिवासी, हे दोन्ही बरोबर. केंद्रात आदिवासी मंत्री व्हायला २०१७ उजाडलं आणि कॅबिनेटमध्ये जायला २०१९. दोन्ही वेळा केन वायट. म्हणजे राज्यानं जे १९८६ मध्ये केलं ते केंद्रानं तेहतीस वर्षांनी. आणि पाणीखातं ही नावापुरती खुर्ची नव्हती. तिथंही आपल्यासारखंच पाणी, पोलीस, शाळा, दवाखाने हे राज्याचे विषय.

आता १९७७. पश्चिम ऑस्ट्रेलियात आदिवासींना मताचा हक्क १९६२ मध्ये मिळाला. पण बाकीच्यांना मतदान सक्तीचं आणि आदिवासींना नावनोंदणी ऐच्छिक, असा प्रकार. किम्बर्लीतल्या बऱ्याच मोठ्या माणसांना लिहितावाचता येत नव्हतं. आपल्याकडं १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत चिन्हं आली, म्हणून अक्षरओळख नसलेली आजी बैलजोडी बघून मत देऊन आली. तिथं चिन्ह नाही. उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीनं १, २, ३ आकडे लिहायचे. ज्याला लिहिता येत नाही त्यानं मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याला सांगायचं, अधिकारी भरून देणार. लोक पक्षानं दिलेलं छापील कार्ड पुढं करायचे : याच्यासारखं भरा.

त्या वेळी किम्बर्लीचा आमदार ॲलन रिज, लिबरल पक्षाचा, सर चार्ल्स कोर्ट यांच्या सरकारातला मंत्री. समोर एर्नी ब्रिज. लिबरल पक्षानं पर्थहून तरुण वकील विमानानं पाठवले आणि मतदान केंद्रांवर आपले प्रतिनिधी म्हणून बसवले. आदिवासी मतदार कार्ड घेऊन आला की हे हरकत घेणार, त्याला प्रश्न विचारायला लावणार, अधिकाऱ्यांवर दबाव टाकणार. रांगा लांबल्या, लोक मत न देता परत गेले. माझ्याच व्यवसायातले लोक हे करत होते, हे वाचताना बरं वाटत नाही.

रिज थोडक्या मतांनी जिंकला. ब्रिज निवडणूक तक्रारींच्या न्यायालयात गेला. कोर्टानं निकाल रद्द केला आणि फेरनिवडणूक लावली. आता गोष्ट इथं संपली असती तर सिनेमा झाला असता. डिसेंबर १९७७ च्या त्या फेरनिवडणुकीतही ब्रिज हरला! कोर्टात जिंकला, मतपेटीत पुन्हा पडला.

आणि मग १९८० मध्ये तिसऱ्यांदा त्याच रिजसमोर उभा राहून निवडून आला. ज्या लोकांना मतदान केंद्राच्या दारातून परत पाठवलं होतं, त्यांचा आमदार.

निवडून आला त्याच वर्षी त्याच्या मतदारसंघात नूनकनबा घडलं. तिथल्या आदिवासींच्या पवित्र जागेजवळ तेलासाठी भोक पाडायचं म्हणून सरकारनं ऑगस्ट १९८० मध्ये पोलीस बंदोबस्तात ट्रकांचा ताफा उत्तरेकडं पाठवला. लोक रस्त्यात बसले, त्यांना उचललं, भोक पाडलं. कामाचं तेल मिळालं नाही. विरोधी बाकावरच्या नव्या आमदाराची ही सुरुवात. सहा वर्षांनी तोच माणूस मंत्री म्हणून शपथ घेतो, हे मुलांना तारखांसकट सांगा. जांभया येणार नाहीत.

---

कडक_भाकरी

बैलजोडी बघून मत देणाऱ्या आजीवरून आमची आजी आठवली, पण ती बैलजोडी गेल्यावरही बैलजोडीच शोधायची.

वकीलसाहेब, भारी लिहिलंय. एक शंका. गायक होता ते भाषणात कुठं बसवायचं?

---

सिद्धेश्वर_पेठ

नका बसवू. एका वाक्यात सांगून पुढं जा. ‘गाणारा मंत्री’ म्हटलं की पोरं तेवढंच लक्षात ठेवतात. आपल्याकडं शेर म्हणणाऱ्या मंत्र्यांचंही तसंच झालंय.

---

पाकणीवाला

गाणं नको तर नको, पण त्याचा शेवट सांगायला हवा. वर कुणी लिहिला नाही.

विटनूम नावाचं गाव होतं, किम्बर्लीच्या दक्षिणेला पिलबरा भागात. तिथं निळ्या ॲस्बेस्टॉसची खाण. सगळ्यात घातक जात ती. खाण १९६६ मध्ये बंद पडली, पण कचऱ्याचे ढीग तसेच, वाऱ्यानं धूळ उडायची, आणि काही लोक गाव सोडायला तयार नव्हते. कामगार मेले, त्यांच्या बायका कपडे धुताना धूळ श्वासात जाऊन मेल्या, खेळणारी पोरं मोठी होऊन मेली. २००७ मध्ये सरकारनं गावाचा दर्जाच काढून घेतला. ब्रिज आमदार-मंत्री म्हणून कामानिमित्त तिथं जायचा. कामगार नव्हता, रहिवासी नव्हता. २०१३ मध्ये तो ॲस्बेस्टॉसच्याच आजारानं गेला. मरण्याआधी त्यानं कोर्टात दावाही लावला होता. १९७७ मध्ये कोर्टाची पायरी चढलेला माणूस शेवटीही चढला.

हे मी का लांबवतोय? आमच्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात गल्लोगल्ली एसी पाईप असायचे. सिमेंट आणि ॲस्बेस्टॉसचे. लिकेज निघालं की खड्ड्यात उतरून करवतीनं कापायचे. पांढरी भुकटी डोक्यावर, भुवयांवर. तोंडाला रुमाल बांधला तर बांधला. चावीवाले, फिटर, मजूर, सगळे तसेच जेवायला बसायचे. कुणी सांगितलंच नव्हतं. हा आजार वीस-तीस-चाळीस वर्षांनी दिसतो, तोपर्यंत माणूस निवृत्त, आणि दाखल्यावर ‘दमा’ लिहितात. गिरणीतल्या कापसाच्या तंतूनं छाती गेलेली माणसं सोलापूरला नवीन नाहीत. तिथंही दमाच. ऑस्ट्रेलियात २००३ च्या शेवटापासून ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे. आपल्याकडं त्याचे पत्रे अजून दुकानात मिळतात.

बाई, तुमच्या शाळेच्या शेडवर कुठले पत्रे आहेत ते एकदा वर बघा. असतील तर मुलांना त्यावर चढून चेंडू काढायला पाठवू नका, आणि कुणाला त्यात ड्रिल मारू देऊ नका. नुसते असून लगेच काही होत नाही, घाबरू नका. फोडणं आणि कापणं वाईट.

---

होटगी_रोड

हे माहीत नव्हतं. माझं आधीचं वाक्य मागे घेत नाही, सत्ता गेल्यावर पक्ष सोडणाऱ्यांबद्दल माझं मत तेच आहे. पण हा माणूस त्या खात्यात अर्धाच बसतो.

ताईंसाठी भर घालतो. आमदारकी सोडल्यावर त्यानं किम्बर्लीतल्या आदिवासी वस्त्यांमध्ये मधुमेहावर काम सुरू केलं. वस्तीवर जाऊन तपासणी, खाणं, चालणं, असं. तिथल्या आदिवासींमध्ये मधुमेह भयंकर आहे. मैदा, साखर आणि गोड पेयं दुकानातून आली, शिकार आणि भटकणं संपलं. पाइपलाइनपेक्षा हे काम लहान दिसतं, पण झालं.

आणि त्याची जागा रिकामी राहिली नाही. २००१ मध्ये किम्बर्लीतून कॅरल मार्टिन निवडून आल्या, ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याही विधिमंडळात निवडून आलेल्या पहिल्या आदिवासी महिला. २०१३ मध्ये जोसी फॅरर, त्यासुद्धा हॉल्स क्रीकच्या कौन्सिलवरून आलेल्या. राज्याच्या घटनेत आदिवासींचा या भूमीचे मूळ लोक म्हणून उल्लेख यावा असं विधेयक त्यांनी मांडलं आणि २०१५ मध्ये ते मंजूर झालं. २०२१ मध्ये डिव्हिना डी’अॅना. सगळ्या मजूर पक्षाच्या. पलीकडं बेन वायट २०१७ ते २०२१ राज्याचा अर्थमंत्री. तिजोरी आदिवासी माणसाच्या हातात, हे तिथं तोवर कुठल्याच राज्यात झालं नव्हतं.

---

जुळे_सोलापूर

आता वीस मिनिटांत बसवायचं कसं हाच प्रश्न. असं ठरवलंय : सुरुवात १९७७ च्या मतदान केंद्रावरून. कोर्ट, पुन्हा हार, १९८०. मग मंत्रिपद दोन वाक्यांत. मग फळ्यावर पाइपलाइन, काकांचा हिशेब मुलांकडूनच करून घेणार आणि उत्तर साडेसहा आल्यावर त्यांनाच विचारणार की तुम्ही पाणीमंत्री असता तर काय केलं असतं. विटनूम शेवटी. गाण्याला वकीलसाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे एक वाक्य. बेन वायट, केन वायट यांच्या तारखा तक्त्यावर.

शेडचे पत्रे आज मधल्या सुट्टीत बघितले. आहेत. मुख्याध्यापकांना लेखी कळवते.

---

कडक_भाकरी

बाई, हिशेबात विजेचा दर कुठला धरणार? महावितरणचा का पर्थचा?

---

पाकणीवाला

युनिटमध्येच ठेवा. दरात शिरलात की तास संपेल, आणि दुसऱ्या दिवशी पालक घरचं बिल घेऊन शाळेत येतील.